एका डावावरून ओपनिंग शिका: इटालियन ओपनिंग आणि हेस्टिंग्जचा डाव

बुद्धिबळात ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकायचं ठरवलं की बहुतेक नवखे दहा-बारा चाली पाठ करून टाकतात. स्पर्धेत समोरचा चौथ्याच चालीला काहीतरी वेगळं खेळतो आणि पाठांतर तिथेच संपतं. घड्याळ मात्र चालूच असतं. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. नंतर एका जुन्या खेळाडूने मला एकच डाव दिला आणि म्हणाला, ‘हा महिनाभर रोज मांड, दुसरं काही वाचू नकोस.’ तोच डाव इथे घेतो आहे. ओपनिंगमध्ये केलेली उधारी दहा चालींनंतर कशी वसूल होते, हे तो इतकं स्वच्छ दाखवतो की पुढे कुठलंही ओपनिंग शिकताना काय पाहायचं ते आपोआप कळू लागतं.

डाव आहे १८९५ सालच्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या गावात त्या वर्षी २२ खेळाडू जमले होते आणि स्पर्धा जिंकली ती २२ वर्षांच्या पिल्सबरीने. लास्कर, चिगोरिन, टार्राश हे त्या काळचे दिग्गज सगळे तिथे होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता विल्हेल्म स्टाइनिट्झ. तो १८८६ पासून जगज्जेता होता, आदल्याच वर्षी लास्करकडून किताब हरला होता आणि वयाच्या साठीला टेकला होता. काळ्या बाजूला होता कर्ट फॉन बार्डेलेबेन. स्टाइनिट्झ स्पर्धेत पाचवा आला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा डाव.

आधी तयारी

खरा पट आणि खऱ्या सोंगट्या घ्या. मोबाईलवर चाली पुढे ढकलत गेलं की डोळे पाहतात, पण डोकं काम करत नाही. हाताने घोडा उचलून ठेवताना तो कुठून कुठे गेला हे आत कुठेतरी नोंदलं जातं.

चाली वाचायची पद्धत माहीत नसेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या फाइल ए, बी, सी अशा एचपर्यंत, आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८. पांढरा राजा ई१ वर, काळा ई८ वर. नुसतं ‘ई४’ लिहिलं असेल तर प्यादं ई४ वर गेलं, ‘घोडा एफ३’ म्हणजे घोडा एफ३ वर. आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. स्पर्धेत दोघांच्याही चाली लिहाव्याच लागतात, त्यामुळे ही सवय आत्ताच लावा.

सोबत एक वही ठेवा. तिच्यात चाल लिहायची आणि पुढे एका वाक्यात तिचं कारण. कारण सुचलं नाही तर जागा कोरी सोडायची. महिन्याच्या शेवटी त्या कोऱ्या जागाच तुम्हाला सांगतील की काय शिकायचं राहिलं आहे.

पहिल्या तीन चाली

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५. हे इटालियन ओपनिंग, आणि काळ्याच्या तिसऱ्या चालीनंतर त्याला ‘जुओको पियानो’ म्हणतात. इटालियन भाषेत अर्थ ‘शांत खेळ’. सतराव्या शतकात ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या वह्यांमध्ये या ओपनिंगच्या ज्या चाली सापडतात, त्यांत शांत असं फारसं काही नाही. नावावर जाऊ नका.

इथे प्रत्येक चालीला एक सरळ कारण आहे. ई४ ने मध्य घेतला आणि वजीर व उंट यांना वाट दिली. घोडा एफ३ ने ई५ वर हल्ला केला, म्हणजे समोरच्याला काहीतरी करणं भाग पडलं. उंट सी४ ची नजर एफ७ वर आहे. काळ्याच्या पटावरचं हे सगळ्यात कच्चं घर, कारण सुरुवातीला त्याला एकट्या राजाचाच आधार असतो.

एफ७ म्हटलं की नवख्यांना लगेच घोडा जी५ वर उडवावासा वाटतो. आत्ता तो खेळून पाहा: डी८ वरचा वजीर सरळ येऊन घोडा खाऊन जाईल, कारण ई७ आणि एफ६ दोन्ही रिकामी आहेत. काळ्याचा घोडा एफ६ वर आला की ती वाट बंद होते आणि तेव्हाच जी५ चा विचार करता येतो. अशा लहान गोष्टी पाठ करायच्या नसतात, पटावर बोट ठेवून पाहायच्या असतात.

चौथी ते सहावी: मध्यासाठी ओढाताण

४. सी३ घोडा एफ६ ५. डी४ ई प्याद्याने डी४ मारलं ६. सी प्याद्याने डी४ मारलं.

सी३ ही चाल पहिल्यांदा पाहिली की फुकट गेल्यासारखी वाटते. घोड्याचं सर्वांत चांगलं घर तिने अडवलं. पण तिचा हेतू पुढच्या चालीत उघडतो: डी४ खेळायचं, काळ्याने मारलं की सी प्याद्याने परत मारायचं, म्हणजे ई४ आणि डी४ अशी दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहतात. शिवाय डी४ चं प्यादं सी५ वरच्या उंटाला हुसकावतं.

आता काळ्याच्या उंटाने कुठे जायचं? बी६ वर मागे गेला तर पांढरा डी५ खेळून घोड्याला पळवतो आणि मध्य पूर्ण त्याचा होतो. म्हणून काळा खेळतो ६... उंट बी४ शह. माघार घ्यायचीच असेल तर शह देत घ्यावी, म्हणजे समोरच्याला आपल्या मनासारखं करायला वेळ मिळत नाही.

सातवी चाल: इथे थांबा

या डावात सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आणि तुम्हीही घालवा. शहाला पांढऱ्याची दोन नैसर्गिक उत्तरं आहेत. उंट डी२ हे साधं आणि सुरक्षित. दुसरं स्टाइनिट्झने निवडलेलं, ७. घोडा सी३, ज्यात ई४ चं प्यादं उघड्यावर सोडलं आहे.

काळ्याने ते खायला हवं होतं. ७... घोडा ई४ मारतो ही इथली खरी चाल. पांढरा ८. कॅसलिंग करतो (राजा दोन घरं बाजूला आणि हत्ती त्याच्या पलीकडे, एकाच चालीत) आणि बदल्यात त्याला वेगाने मोहरे बाहेर काढायला मिळतात. पण काळ्याला प्यादं मिळतं आणि नीट खेळला तर त्याला भीती नाही. बार्डेलेबेनने ते न खाता ७... डी५ खेळून मध्य फोडला. कल्पना वाईट नाही, पण तिने पट उघडला आणि त्याचा राजा अजून ई८ वरच आहे.

८. ई प्याद्याने डी५ मारलं, घोड्याने डी५ मारलं ९. कॅसलिंग. इथे पुन्हा एक आमिष आहे. काळ्याने उंटाने सी३ मारलं, पांढऱ्याने बी प्याद्याने परत मारलं आणि काळ्याच्या घोड्याने ते प्यादंही खाल्लं, तर वजीर ई१ वर येतो: राजाला शह आणि सी३ च्या घोड्यावर हल्ला, दोन्ही एकदम. घोडा गेला. बार्डेलेबेनने हे पाहिलं होतं, म्हणून तो ९... उंट ई६ खेळला.

१०. उंट जी५, वजिरावर हल्ला. १०... उंट ई७.

आता मोजा. काळ्याचा हा उंट सी५ वर गेला, मग बी४ वर, मग ई७ वर. दहातल्या तीन चाली एकाच उंटाच्या. त्याच दहा चालींत पांढऱ्याने दोन्ही घोडे, दोन्ही उंट बाहेर काढले आणि कॅसलिंगही उरकलं. काळ्याला कॅसलिंगसाठी फक्त एक चाल हवी आहे. ती त्याला मिळणार नाही. पूर्ण डावाचा जीव या एका चालीत आहे.

मारामारी आणि त्यानंतरचा हिशेब

११. उंटाने डी५ मारला, उंटाने परत मारलं १२. घोड्याने डी५ मारला, वजिराने परत मारलं १३. उंटाने ई७ मारला, घोड्याने परत मारलं.

धडाधड सहा मोहरे पटाबाहेर गेले. इथे सोंगट्यांना हात न लावता पाच मिनिटं नुसतं पाहा. दोघांकडे वजीर, दोन हत्ती, एक घोडा, सहा प्यादी. तंतोतंत सारखं. उलट पांढऱ्याचं डी४ चं प्यादं एकटं पडलेलं आहे, पुढे ते डोकेदुखी ठरू शकतं. नुसतं सामान मोजणारा म्हणेल बरोबरीचा डाव.

१४. हत्ती ई१.

ई७ चा घोडा राजासमोर पिन झाला, म्हणजे मागे राजा असल्याने तो हलूच शकत नाही. काळ्याने कुठल्याही बाजूला कॅसलिंग केलं तर राजा घोड्याचा आधार सोडून जातो आणि हत्ती घोडा खातो. म्हणजे कॅसलिंगचा नियम त्याला अडवत नाही, पण तो ते करू शकत नाही. ती एक चाल आता कायमची गेली.

१४... एफ६ १५. वजीर ई२ वजीर डी७ १६. हत्ती ए वरून सी१. काळ्याची योजना समंजस आहे. एफ६ खेळून राजाला एफ७ वर न्यायचं, मग हत्ती मध्यावर आणायचे, म्हणजे हातानेच कॅसलिंग केल्यासारखं. योजना बरोबर असूनही तो इथे चुकला. १६... राजा एफ७ खेळायच्या ऐवजी त्याने १६... सी६ खेळलं, पांढऱ्याचं प्यादं डी५ वर येऊ नये म्हणून. राजा अडचणीत असताना समोरच्याचं प्यादं थोपवत बसायचं नसतं. वहीत ही चाल लाल शाईने लिहा.

प्याद्याचं बलिदान

१७. डी५! जे थोपवायला सी६ खेळलं होतं, तेच.

१७... सी प्याद्याने मारलं १८. घोडा डी४. पांढऱ्याने प्यादं कशासाठी दिलं? डी४ हे घर त्याच्याच प्याद्याने अडवलं होतं. प्यादं गेलं, घर मोकळं झालं, घोडा तिथे आला आणि पुढच्या उडीत ई६ वर बसेल. तिथून त्याला हुसकावायला काळ्याकडे एकही प्यादं उरलेलं नाही, कारण एफ प्यादं आधीच पुढे सरकलं आहे आणि डी फाइलवरचं प्यादं डी५ वर पोचून पुढे निघून गेलं आहे. नवख्यांनी या डावातून एकच युक्ती उचलायची असेल तर ही: आपलाच मोहरा वाटेत असेल तर त्याला देऊन टाकायचाही विचार करा.

१८... राजा एफ७ (दोन चाली उशिरा) १९. घोडा ई६ हत्ती एच वरून सी८ २०. वजीर जी४, आता जी७ वर शहासह मारायची धमकी. २०... जी६ २१. घोडा जी५ शह! घोडा हलताच जी४ च्या वजिराची रेघ डी७ च्या वजिरापर्यंत मोकळी झाली. एफ प्याद्याने घोडा मारला तर वजीर जातो. म्हणून राजा परत ई८ वर, जिथे तो सुरुवातीपासून अडकला होता.

हत्ती ज्याला कोणी हात लावू शकत नाही

२२. हत्तीने ई७ मारला, शह.

पुढचं वाचण्याआधी पट मांडा आणि स्वतः शोधा.

राजाने हत्ती मारला तर दुसरा हत्ती ई१ वर येऊन शह देतो आणि उघड्यावरच्या राजाची वजीर-घोड्याकडून शिकार होते. वजिराने मारला तर सी१ चा हत्ती सी८ वर शहासह मारतो, काळा परत मारतो, मग पांढरा वजीर तोही खातो आणि पांढऱ्याकडे घोडा जास्त राहतो. बार्डेलेबेनने तिसरी वाट काढली आणि ती खरोखर चलाख होती: २२... राजा एफ८. आता पांढऱ्याचे चारही मोहरे मरणाच्या दारात आहेत. वजीर, दोन्ही हत्ती, घोडा, सगळ्यांवर हल्ला. आणि पांढऱ्याने घाईने वजिराने वजीर मारला तर काळ्याचा हत्ती सी१ वर मारतो आणि शेवटच्या ओळीवर मात. जिंकलेला डाव एका चालीत उलटला असता.

स्टाइनिट्झचं उत्तर: २३. हत्ती एफ७ शह, राजा जी८ २४. हत्ती जी७ शह, राजा एच८ २५. हत्तीने एच७ मारलं, शह. हाच हत्ती दर चालीला शह देत फिरतो आणि त्याला मारायची सोय नाही. राजाने मारला तर वजीर शहासह जातो, वजिराने मारला तर सी८ चा हत्ती शहासह जातो.

पंचविसाव्या चालीनंतर बार्डेलेबेन उठला आणि काही न बोलता सभागृहाबाहेर निघून गेला. घड्याळ चालूच राहिलं. मग स्टाइनिट्झने जमलेल्या प्रेक्षकांना पटावर दाखवलं की पुढच्या दहा चालींत मात कशी होते. तीही मांडून पाहा: राजा जी८, हत्ती जी७ शह, राजा एच८, वजीर एच४ शह, राजाने जी७ मारला, वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ शह, राजा ई७, वजीर जी७ शह, राजा ई८, वजीर जी८ शह, राजा ई७, वजीर एफ७ शह, राजा डी८, वजीर एफ८ शह, वजीर ई८ वर आडवा, घोडा एफ७ शह, राजा डी७, वजीर डी६ मात. एकदा डोळे मिटून करून पाहा. मला अजून मधेच अडखळायला होतं.

आता तुमच्या डावात

पांढऱ्याने इटालियन खेळायला सुरुवात करताना सातव्या चालीला उंट डी२ खेळा. उंटांची मारामारी होते, घोडा डी२ वर येतो, काळा डी५ खेळून मध्य फोडतो आणि दोघांनाही खेळायला मोकळा पट मिळतो. स्टाइनिट्झचं घोडा सी३ मित्रांबरोबरच्या झटपट डावांत वापरून पाहा, स्पर्धेत नको. वीस-तीस डावांनंतर पाचव्या चालीला डी४ ऐवजी डी३ खेळून पाहा. आजचे मोठे खेळाडू बहुतेक तेच खेळतात. त्यात मध्य बंद राहतो आणि डाव हळूहळू उलगडतो. मी ते आधी शिकवत नाही, कारण बंद पटावर चुकीची शिक्षा उशिरा होते आणि नवख्याला आपण कुठे चुकलो ते कळतच नाही.

काळ्याने खेळताना बी४ चा शह द्या. घोडा सी३ आला तर ई४ चं प्यादं खा, उंट डी२ आला तर उंट मारून लगेच डी५ खेळा. बाकी कुठलीही चाल आली तर स्वतःला विचारा: आत्ता कॅसलिंग करता येतं का? येत असेल तर न करण्यासाठी खणखणीत कारण लागेल.

कॅसलिंगवरून आठवलं. स्पर्धेत ते एकाच हाताने करायचं आणि आधी राजा उचलायचा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही, हत्तीचीच चाल खेळावी लागते. माझ्या पहिल्याच स्पर्धेत मी हत्ती आधी उचलला, पंच आला आणि मला हत्ती एफ१ वर ठेवून राजा तसाच मध्ये सोडावा लागला. तो डाव मी बावीस चालींत हरलो. हात लागलेला मोहरा चालवायचाच, हा नियम घरी मित्राबरोबर खेळतानाही पाळा, म्हणजे स्पर्धेत हात आपोआप आवरतो. नियमाबाहेरची चाल केली तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा डाव जातो.

चाल खेळल्यावर लिहायची, आधी लिहून मग खेळायची नाही. घड्याळ ज्या हाताने चाल खेळली त्याच हाताने दाबायचं.

वेळेचं म्हणाल तर ओळखीच्या सात चालींवर मिनिटं घालवू नका. पण ज्या क्षणी समोरचा अनोळखी चाल खेळेल त्या क्षणी हात मांडीवर ठेवा. पाच मिनिटं लागली तरी चालतील. त्याने काय सोडलं, कशावर हल्ला केला, आपल्या राजाकडे जाणारी कुठली फाइल उघडणार, एवढं पाहा. बार्डेलेबेनला हत्ती ई१ वर येणार हे अकराव्या चालीला दिसलं असतं तर त्याने मारामारीचा क्रम नक्कीच वेगळा निवडला असता.

हरत असाल तर घड्याळ चालू ठेवून निघून जाऊ नका. ‘डाव सोडतो’ म्हणा, हात मिळवा, दोघांनी चालींच्या कागदावर सह्या करा. मग समोरच्याला विचारा, ‘कुठे चुकलो मी?’ बहुतेक जण आनंदाने पट परत मांडतात, आणि त्या दहा मिनिटांत जे कळतं ते इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) सांगत नाही, कारण इंजिनला भीती वाटत नाही आणि समोरच्याला वाटली होती. इंजिन त्यानंतर लावा. आधी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा की कुठल्या चालीला राजाची चिंता वाटायला लागली, आणि तिथून तीन चाली मागे जाऊन पाहा.